आकडा पडला की चालायचं

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत तो भट्टीवर असतो, मी साच्यांवर. सकाळी उठल्याबरोबर तो छातीला पट्टा बांधून पाच मिनिटं निपचित पडतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, ते मोबाईल आकड्यात सांगतो; फरक जास्त, तर शरीर ताजं. आकडा चांगला असला तर तो शर्यतीच्या सरावाला रंकाळा तलावाभोवती जोरात पळतो. आकडा पडला तर शरीर अजून सावरलेलं नाही असं समजून नुसता चालतो.

"काय पावणं, आज मोबाईलनं रजा दिली व्हय?" पळणारे ओरडतात.

"रजा मोबाईल देत न्हाय, छाती देती," तो म्हणतो.

डबल पाळीनंतर आकडा हमखास पडतो. परवा सुपरवायझरने त्याच्यासह आम्हा पाचजणांना सलग तिसरी डबल पाळी लावली. पडलेला आकडा दाखवायला भट्टीवरच्या त्याने मोबाईल सुपरवायझरपुढे धरला.

"तुझं शर्यतीचं खूळ हितं नको. उद्यापास्नं घरी बसशील."

"शर्यतीत थकलो तर चालत येतो, सायेब. हितं थकलो तर लोखंडाचा तापलेला रस कुणाच्या तरी पायावर सांडतोय."

हातमोजे ठेवून तो निघाला.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हातमोजे काढले. पट्टा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.