वकिलासाठी तीन कोटेशनं

माझे शशिकांतकाका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात आणि घरात नवा झाडू आणायचा तरी तीन दुकानांचे भाव लिहून घेतात. निवृत्तीला एकोणीस महिने उरलेले असताना या माणसाच्या डोक्यावर अकरा लाखांचं कर्ज झालं. कारण मोदक.

उकडीचे मोदक करणारी मशीन काकांनी कोइमतूरहून मागवली. सरकारी नोकराला धंदा चालत नाही, म्हणून नोएडातला स्टॉल मेव्हण्याच्या, अमोलच्या नावावर. कर्ज मात्र काकांच्या. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकानं मोदक उचलला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "भैया, लाल चटनी किधर है?" दुसऱ्यानं विचारलं, "व्हेज है या चिकन?" चार महिने दिल्लीकर गोड मोमोबद्दल तक्रारी करत राहिले. पाचव्या महिन्यात अमोल इंदूरला निघून गेला.

बँकेचे फोन सुरू झाले. शेवटी काकांनी जाहीर केलं, "मी नादारीचा अर्ज करतो. कोर्टात सांगायचं, पैसे नाहीत. विषय संपला."

"आणि नोकरी?" हेमलताकाकूंनी विचारलं.

कर्मचारी नादार झाला, तर ते ऑफिसला कळवावं लागतं. तेहतीस वर्षांत मेमो न मिळालेला माणूस एकोणीस महिन्यांसाठी डागाळणार का, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी चांगला वकील हवा होता.

काकांनी वकील शोधला नाही, मागवला. तीन वकिलांना पत्रं गेली: सीलबंद लिफाफ्यात दर कळवावेत, शुक्रवारी चार वाजेपर्यंत, सोबत पाचशे रुपये बयाणा.

"काका, वकील तुम्हाला पैसे देणार?" मी विचारलं.

"गंभीर असेल तर देईल. तू तुलनात्मक तक्ता कर. एक्सेलमध्ये."

एका वकिलानं फोनवर पोटभर हसून घेतलं. नीरजा नावाच्या मराठी वकीलबाईंनी दर कळवला, बयाणा नाही. करोल बागेतल्या एका वकिलानं मात्र सगळ्यात कमी दर दिला आणि खरोखर पाचशेची नोटही जोडली. काका खूश. "एल-वन! सगळ्यात कमी दरवाला. नियमानं काम याचंच."

"ज्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही, तोच नोट जोडतो, अहो," काकू म्हणाल्या. पण नियम तो नियम.

एल-वनचं ऑफिस गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानावर होतं. भिंतीवर पाटी: 'तलाक, चालान, किरायानामा'. काकांचं ऐकून तो म्हणाला, "अंकलजी, बहुत आसान है. स्कूटर, सोना, एफडी, सब आंटी के नाम कर दो. फिर बोलो, मेरे पास कुछ नहीं."

"बिल्कुल ठीक," काका म्हणाले. "बस ये सलाह लिखित में दे दीजिए. साइन और मुहर के साथ."

"ऐसी बातें लिखी नहीं जातीं, अंकलजी."

"तो फिर फाइल में क्या लगाऊँगा?"

वकिलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे. मग पाचशे रुपये परत मागितले. काकांनी पावती लिहून घेऊन दिले.

"आता रिटेंडर," घरी येऊन काका म्हणाले.

"रिटेंडर होईपर्यंत बँकवाले आपल्या सोफ्यावर बसतील," काकू म्हणाल्या आणि स्वतःच नीरजाबाईंना स्पीकरवर फोन लावला.

नीरजाबाईंनी सरळ विचारलं, "पगार किती? हप्ते किती? जवळ काय काय आहे?" मग समजावलं. "साध्या पगारदार माणसाला अजून १९२० सालचाच कायदा लागू आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात. कर्ज किमान पाचशे रुपये असावं लागतं."

"म्हणजे आमचा दूधवालासुद्धा यांना कोर्टात नेईल," काकू म्हणाल्या.

"नुसत्या कर्जानं कुणी नादार होत नाही, काकू. फेडणं अशक्य आहे, हे दाखवावं लागतं. मग कोर्टाचा माणूस मालमत्ता ताब्यात घेतो, विकतो, कर्ज देणाऱ्यांना वाटतो. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, पेन्शन, पीएफ याला हात लावत नाही. पुढं कोर्ट कर्जातून मुक्त करतं, पण त्याला वर्षं जातात."

"कुकर राहतो ना?"

"राहतो. आणि आधी घरच्यांच्या नावावर काही केलंत, तर मागच्या दोन वर्षांतलं कोर्ट रद्द करू शकतं."

'म्हणूनच लेखी मागितलं होतं,' अशा विजयी नजरेनं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण शशिकांतजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही नादार नाही. पगार चालू आहे, मशीन पडून आहे. तुम्ही फक्त घाबरलेले आहात. मशीन विका. बँकेकडे हप्ता लहान करून मागू. कोर्टात जायचंच नाही, म्हणजे ऑफिसला नादारी कळवायचा प्रश्नच नाही."

काकांचा चेहरा जरा उतरला. ऑफिसला द्यायच्या पत्राचा मसुदा परिशिष्ट 'क'पर्यंत तयार होता.

मशीन लाजपत नगरच्या एका मोमोवाल्यानं तीन लाखांना घेतली. पुढच्या सोमवारी नीरजाबाई काका-काकूंना घेऊन बँकेत गेल्या, मी कागद धरायला. मॅनेजरनं तासभर आकडेमोड केली, दोनदा नाही म्हटलं, मग हप्ता निम्म्यावर आणला. काकांनी सही करण्याआधी सगळी पानं वाचली, एका पानावरची तारीख दुरुस्त करून घेतली आणि मगच पेन टेकवलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या काकांना झोप लागली. कित्येक महिन्यांत त्यांना अशी झोप आली नव्हती. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. आर. के. पुरमचा स्टॉप आला. मी उठवायला हात पुढं केला.

"राहू दे," काकू हळूच म्हणाल्या. "पुढच्या स्टॉपवरून चालत येऊ."

आम्ही तीन स्टॉप पुढं गेलो.