झालरवहिनींचा पन्नासावा

झालरवहिनी ज्या घरी पाहुण्या म्हणून जायच्या, त्या घरातल्या बाईचं त्या दिवशी काही खरं नसायचं. चहा यायच्या आत वहिनींची नजर छतापासून फरशीपर्यंत फिरून आलेली असायची, आणि पहिला घोट घेतला न घेतला तोच त्या म्हणायच्या, "या कोपऱ्यात एक झालर सोडलीत ना, तर खोली कशी उठून दिसेल बघा!" त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल तर असेल, इमारतीत ते कुणाला आठवत नव्हतं.

पोटापाण्यासाठी त्या पडद्यांच्या दुकानात काम करायच्या. दिवसभर लांबलचक टेबलापाशी उभं राहायचं, गिऱ्हाइकाला तागे उलगडून दाखवायचे, मोजायचे, कापायचे. उरलेले तुकडे मालक त्यांना घरी नेऊ द्यायचा. ते सगळे पोत्यांत भरून पलंगाखाली. नवरोबांना नुसत्या चपला काढायच्या असल्या तरी आधी पोती ओढावी लागायची.

पण वहिनींचा जीव रमायचा तो समारंभात. कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होवोत, कुणी नवं घर घेवो, सजावटीला वहिनी बोलावल्याशिवाय हजर. "थीम पाहिजे," त्या ठासून सांगायच्या. "थीम नसली की माणसं नुसती खाऊन घरी जातात." आता माणसांनी खाऊन घरी जाण्यात वाईट काय, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

कल्पना त्यांना कुठे सुचेल याचा नेम नसायचा. दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून पडलेल्या असताना त्यांचं सगळं लक्ष खिडकीवरच्या पट्ट्यांकडे. चूळ भरून पहिला प्रश्न, "डॉक्टर, या पट्ट्या कुठून आणल्यात हो?" एकदा तर कुणाकडे मयत झालं म्हणून भेटायला गेल्या, डोळे पुसले, आणि वर शहाणपण असं की निघताना फुलांच्या रचनेचा फोटो काढून घेतला. "रंग बदलला की साखरपुड्याला चालेल," असं जिन्यात नणंदेला म्हणाल्यासुद्धा. शिवाय फोनवर ती एक बाई होतीच, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून सजावट शिकवणारी. तिच्या टाकाऊ वस्तूंत काचेची झुंबरं निघायची आणि वहिनींच्या पोत्यात पडद्याच्या किनारी, पण वहिनी हार जाणाऱ्या नव्हत्या.

नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी बर्फाचा प्रदेश केला होता. सगळ्या खोलीभर कापूस पिंजून टाकला. दम्याचे एक काका तिथे जे शिंकायला लागले ते मेणबत्त्या त्यांनीच विझवल्या. केकचा घास घेतला की मागोमाग कापूस यायचा. मग वरच्या मजल्यावर काळी-पांढरी थीम झाली, तेव्हा शेजारचे एक साधे गृहस्थ पिवळा शर्ट घालून आले. वहिनींनी हसतमुखाने त्यांना फ्रीजच्या मागे उभं केलं. बिचाऱ्यांना तिथेच बशी नेऊन दिली.

आणि या बाईचा स्वतःचा वाढदिवस कसा व्हायचा? तर सकाळी लेक फोनमधून डोकं वर न काढता म्हणायची, "आई, हॅपी बर्थडे." संध्याकाळी नवरोबा कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणायचे, तो स्वयंपाकघरात ओट्यावरच कापला जायचा, आणि उरलेला डबा फ्रीजमध्ये सरकवताना वहिनी म्हणायच्या, "झालं की, पुरे." पुरे कसलं! दरवर्षी त्यांना वाटायचं, दार उघडावं आणि आत कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी बांधलेलं, चिकटवलेलं, टांगलेलं असावं. दुसऱ्या कुणीतरी, डोकं लावून. यंदा पन्नास पूर्ण होणार होती, आणि ही इच्छा अगदी त्यांच्या ओठांवर आली होती. पण मागून घेतलेल्या कौतुकाला काय चव? म्हणून त्या गप्प होत्या.

अशात एका संध्याकाळी नवरोबा ऑफिसमधून आले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते सुट्या भागांच्या गोदामावर होते. बूट सोडता सोडता म्हणाले, "अगं, आमच्या साहेबांच्या मिसेसचा पन्नासावा आहे. साहेबांना सरप्राइज द्यायचंय. म्हणाले, तुमच्या घरून होतं ना असलं काहीतरी? त्यांच्या इमारतीचा हॉल घेतलाय. शनिवारी."

वहिनींच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. पन्नासावा? शनिवारी? आणि त्यांचा स्वतःचा लगेच पुढच्या गुरुवारी! गुरुवारी कोण पाहुणे येणार, म्हणून शनिवार धरला असणार. साहेबांची मिसेस म्हणे! अरे लबाडा!

"बरं," त्या अगदी सहज म्हणाल्या, "पण त्यांना आवडतं काय ते तरी कळू दे. रंग कोणता?"

नवरोबांना काय ठाऊक! त्यांनी इकडेतिकडे बघितलं. समोर वहिनी उभ्या होत्या, मोरपंखी कपड्यांत. "मोरपंखी," ते म्हणाले.

वहिनींच्या अंगावर काटा आला. मोरपंखी! इतक्या वर्षांत हा माणूस रंगाबद्दल एक शब्द बोलला नव्हता, पण बघत होता म्हणायचं!

"आणि गाणी?"

"जुनी असतील. या वयात जुनीच आवडतात."

"स्वभाव कसा आहे हो त्यांचा?"

नवरोबांनी साहेबांच्या बायकोला एकदाच, गाडीच्या काचेतून बघितलं होतं. "स्वभाव ना... चांगला आहे. बोलतात जरा जास्त, पण मनाने चांगल्या."

वहिनी वळून ओट्याकडे गेल्या, कारण डोळे भरून आले होते. त्यानंतर त्यांना जिथे तिथे पुरावे दिसायला लागले. लेक त्यांना बघून फोन उलटा ठेवायची. वहिनींना वाटायचं, पाहुण्यांना निरोप धाडतेय. पोरीचं प्रकरण वेगळंच होतं, ते पुढे यथावकाश घरात कळलं, पण तूर्त वहिनी तिच्याकडे बघून गालात हसायच्या आणि पोरगी घाबरून जायची. नणंद जिन्यात भेटली की घाईघाईने निघून जायची. ती कापसाच्या धास्तीने पळत होती. वहिनींच्या हिशेबी तीसुद्धा कटात सामील.

आता थीम. फोन उघडला, त्या झुंबरवाल्या बाईचे सगळे व्हिडिओ बघितले, आणि पहिल्यांदाच एकही पसंत पडेना. दुसऱ्याच्या हौसेसाठी उसनं चालतं, पण हा आपला. दुकानात एका गिऱ्हाइकासाठी त्या पातळ सुती कापड उलगडत होत्या, वर पंखा फिरत होता, आणि कापड एकदम फुगून त्यांच्या तोंडावर आलं. झालं! लहानपणची गच्ची आठवली. सुट्टीतली दुपार, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि त्या चादरींमधून पळणारी भावंडं. एका ओल्या चादरीमागे लपून राहिलं की पलीकडून आई हाक मारायची, आणि आपण ओ द्यायची नाही, कारण आपल्याला कुणी शोधतंय यातच सगळी मजा होती. वहिनी टेबलाशी उभ्या उभ्या रडल्या. गिऱ्हाइकाला वाटलं, कापड महाग आहे म्हणून बाई आपल्यासाठी रडतेय.

त्यांनी जीव ओतला. पोत्यांतलं सगळं मोरपंखी आणि पांढरं कापड जोडून चादरी शिवल्या. शनिवारी दुपारी नवरोबांना शिडीवर चढवून हॉलभर दोऱ्या बांधल्या, चादरी लाकडी चिमट्यांनी टांगल्या, मागे मंद दिवे सोडले, एका कडेला पंखा लावला. चादरी हलायला लागल्या तेव्हा नवरोबासुद्धा म्हणाले, "वा." मग घड्याळ बघून म्हणाले, "तू आता घरी जाऊन तयार होऊन ये. मी इथंच थांबतो."

मला घालवतायत! वहिनी तरंगतच घरी गेल्या. ठेवणीतले कपडे घातले. आरशापुढे उभं राहून आश्चर्याचा चेहरा करून बघितला. पहिला जरा विंचू चावल्यासारखा झाला. मग हात छातीवर, मान किंचित तिरकी, हे जमलं.

त्या हॉलच्या दारात पोचल्या तेव्हा आत मिट्ट काळोख होता. वहिनींनी श्वास घेतला, दार ढकललं, आणि दिवे लागले. "सरप्राइज!" सगळा हॉल ओरडला.

"अगंबाई!" हात छातीवर, मान तिरकी, आणि डोळ्यांत खरंखुरं पाणी. "हे काय! कशाला एवढं केलंत माझ्यासाठी! मला तर स्वप्नातसुद्धा—"

टाळ्या मध्येच थांबल्या. एक माणूसही ओळखीचा नव्हता. ओळखीचे फक्त नवरोबा, आणि ते चादरीआडून असे बघत होते, जणू लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि आत तेच आहेत. वहिनींच्या मागून एक खणखणीत आवाज आला, "या कोण?"

दारात साहेब उभे होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. बाईंनी वहिनींना वळसा घातला, हॉलवर नजर फिरवली, आणि साहेबांना विचारलं, "अहो, इथे कपडे कुणी वाळत घातलेत?"

सगळे हसले. साहेब जास्त हसले. नवरोबासुद्धा हसले, साहेब हसतायत म्हणून, आणि वहिनींकडे बघून अर्ध्यातच थांबले. वहिनी भिंतीला लागून उभ्या राहिल्या. तयार होताना त्यांनी मोरपंखी रंगच निवडला होता, त्यामुळे त्या चादरींत मिसळून गेल्या, एवढंच काय ते नशीब. जाता-येता कुणीतरी त्यांना रिकामा पेलाही दिला.

रविवारी सकाळी चहाचा कप पुढे सरकवत ते म्हणाले, "अगं, काल तू दारात असं... म्हणजे काय झालं तुला?"

"मला वाटलं माझ्यासाठी आहे," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माझा रंग माहितीये."

नवरोबांनी कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून ते बोलले, "एवढंच ना? मग गुरुवारी करू की! तू थीम ठरव, काय काय लागेल ते सांग, मी आणून देतो. बांधायला शिडीवर चढतो."

लेक आतून आली, तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा, तुम्ही पण ना!" मग आईकडे वळून जरा हळू म्हणाली, "पण आई, खरं सांगू? तुझ्यासाठी करायला भीती वाटते गं. मागे मी कागदाची फुलं लावली होती, तू छान म्हणालीस आणि तिथल्या तिथे सगळी उसकटून परत लावलीस. दुसऱ्या दिवशी बघते तर एकही माझं नव्हतं."

हे वहिनींच्या जिव्हारी लागलं. त्यांना ती फुलं आठवत होती. वाकडी होती हो, पण... त्या उठल्या, भांडी घासायला लागल्या, आणि घासता घासता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी काही ठरवणार नाही. काही सांगणार नाही. करायचं तर करा, नाही तर राहू दे."

गुरुवारी दुकानातून परत येताना त्या मुद्दाम रमतगमत आल्या. दार लोटलेलं होतं. आत दिवा चालू होता, अंधारबिंधार काही नाही. कुणी ओरडलं नाही, कारण नवरोबांच्या तोंडात अर्धा फुगवलेला फुगा होता.

काय सांगावी ती सजावट! फुगे सगळे एकत्र करून पंख्यालाच बांधले होते, त्यामुळे पंखा लावायची सोय नाही आणि नवरोबा घामाने निथळत होते. भिंतीवर कापडी फलक होता, ऑफिसच्या कपाटातून उचलून आणलेला. त्यावरच्या 'सुखी निवृत्त जीवनासाठी' या शब्दांवर पांढरा कागद डकवला होता, पण कागद इतका पातळ की निवृत्ती आरपार दिसत होती. टेबलावर केक, आणि त्याच्याभोवती कुठल्याशा कल्पनेने चहाच्या बशा उलट्या मांडलेल्या. रंग म्हणाल तर दुकानात होते तेवढे सगळे. थीमचा पत्ता नाही. फक्त एका खुर्चीला मोरपंखी रिबीन गुंडाळली होती, कुणी तरी फार वेळ खपून, आणि तिच्या टोकाला बांधायचा बो काही केल्या जमला नव्हता, म्हणून शेवटी बुटाच्या नाडीसारखी गाठ मारून टाकली होती.

"ही तुझी," नवरोबा म्हणाले. "बस ना."

वहिनी बसल्या. ती गाठ बरोब्बर त्यांच्या उजव्या हाताशी आली. वरचा फलक एका बाजूने वीतभर घसरला होता. फुग्यांच्या दोऱ्या लोंबत होत्या. बशा कशाला, देव जाणे. वहिनींची बोटं शिवशिवायला लागली. एक ओढ, एक दुमड, नुसता चिमटीत धरून एक झटका, की झालं.

नवरोबा आणि लेक शेजारी शेजारी उभे होते, निकालाला थांबल्यासारखे. "बोल," नवरोबा म्हणाले. "काय चुकलंय ते बोलून टाक एकदाचं."

वहिनींनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर घट्ट बसल्या. "काही नाही," त्या म्हणाल्या. "केक कुणीतरी कापा आणि मला भरवा. मी हात काढणार नाहीये."