एकवीस नंबरला परवानगी नाही

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नसतं हो! आमच्या अक्कलकोट रोडच्या चादर कारखान्यात मागाखालची रुई रोज झाडतात, तरी सकाळी पुन्हा तेवढीच. किस्स्यांचं तसंच. त्यातले निम्मे माझ्या फोनमुळे झालेत, आणि हे मी मोठेपणा म्हणूनच सांगतेय!

मी इथली डिझाइनवाली. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं माझं मी शिकले. चादरीचं चित्र फोनवर काढायचं आणि वायर लावून कॉम्प्युटरवर टाकायचं. वायर सारखी दगा द्यायची. मालकांनी एकदा बजावलं, "अक्का, फाइल वेळेत आली नाही तर डिझाइन बाहेरून घेईन. मग तुमचं टेबल कशाला ठेवू?"

टेबल कशाला! मी ठरवलं, आता फोनच सर्व्हर करायचा. म्हणजे फोन दुकान मांडून बसणार आणि कॉम्प्युटर वायफायवरून येऊन फाइल घेऊन जाणार. वायर गेली खड्ड्यात!

*

ॲप घेतलं. त्याने पोर्ट नंबर विचारला. पोर्ट म्हणजे आपल्या दुकानाचा गाळा नंबर समजा. फाइलींच्या देवाणघेवाणीचा नंबर एकवीस, हे मी वाचलं होतं. टाकला. फोन म्हणतो, "परवानगी नाही."

"फोन माझा, चित्र माझं, मग परवानगी कुणाची रे?" मी त्याला विचारलं. बोलला नाही. हुशार आहे!

*

मोबाइलच्या दुकानात गेले. सोबत इरण्णा होता, आमचा माग दुरुस्त करणारा जॉबर. दुकानदार म्हणाला, "मावशी, एकवीसच पाहिजे तर फोन रूट करावा लागेल."

"कुटला रूट?" इरण्णा मध्येच. "हितनं तर बसच जात न्हाय!"

दुकानदाराने सांगितलं, रूट करायचं म्हणजे फोनचं आतलं कुलूप तोडायचं. मी म्हटलं, "स्वतःच्याच घराचं कुलूप तोडायला, किल्ली विसरण्याइतकी मी अजून म्हातारी झाले नाही!"

*

मग दोन दिवस बसून वाचून काढलं. एक हजार चोवीसच्या आतले पोर्ट फोन साध्या ॲपला देतच नाही. पंगतीत पहिली रांग व्याह्यांची असते ना, तसे ते राखीव. इरण्णाला हे सांगितलं.

"मग शुभ आकडा घ्या की! एक्कावन्न!"

"आतला."

"एकशे एक!"

"आतला."

"पाचशे एक? हजार एक?"

"तेही आतलेच, मुडद्या!"

इरण्णा खवळला. "ह्या फोनला आहेरच चालत न्हाय व्हय? घ्या मग अकराशे अकरा!"

घेतला. सर्व्हर सुरू! तेव्हापासून इरण्णा सगळ्यांना सांगतो, कॉम्प्युटरचं अवघड काम तोच बघतो.

*

कॉम्प्युटरवर बसणारी रुक्साना पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली. "अक्का, तुमारा फोन मेरेकू नक्को बोलरा!"

बघितलं तर पोरीने पत्ता टाकला होता, पुढचा नंबरच नाही! "अगं, नंबर नाही दिला तर कॉम्प्युटर सरळ एकवीसच्या गाळ्यावर जाऊन उभा राहतो. तिथं कोण आहे? एकावर एक दोन टिंबं दे, पुढे अकराशे अकरा."

"मंजे फोन घर में है, मैंच गल्ली चुकी!"

*

आणि हा किस्सा पुण्याहून आलेल्या इंजिनिअरचा. मालकांनी त्याला तपासणीला बोलावलं होतं. त्याच्या रिपोर्टवर माझं टेबल राहायचं की जायचं, हे ठरणार होतं.

"आजी, स्टँडर्ड पोर्ट एकवीस असतो. मी करून देतो."

"करा की."

तीन चहा झाले. फोन काही परवानगी देईना. तिकडे गिऱ्हाईक मोराच्या डिझाइनसाठी खोळंबलेलं. शेवटी मी फोन मागून घेतला, अकराशे अकरा टाकला. रुक्सानाने फाइल ओढली आणि पडद्यावर मोर उभा! इंजिनिअर वही काढून लिहायला लागला.

संध्याकाळी मालकांनी रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

"सर्व्हर चालू स्थितीत. सर्व्हरची जागा: अक्कांचा कमरेचा बटवा."

रुक्साना फिस्सकन हसली.

"बॅकअप: नाही."

मालक थांबले. माझ्या टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही नजर हटवली नाही.

"सूचना: सर्व्हर थंड जागी ठेवावा."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"इरण्णा, माझ्या केबिनमधला कूलर काढ. अक्कांच्या टेबलापाशी लाव."