आवाज मावशींचाच होता

त्या वसाहतीत बातम्या दोन प्रकारच्या असायच्या. मावशींनी फोन केलेल्या आणि न केलेल्या. दुसऱ्या प्रकारातल्या बातम्या लोक ऐकायचे, चघळायचे आणि सोडून द्यायचे.

मावशी टेलिफोन ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागे, त्या काळात कानाला हेडफोन लावून त्या दिवसभर माणसांना माणसं जोडून देत. पुढे निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी लग्न होऊन दूर गेली. आवाज मात्र होता तसाच राहिला. स्वच्छ, घाई नसलेला, वाक्यातला शेवटचा शब्दही न गिळणारा.

वसाहतीच्या मोबाइल ग्रुपवर अफवांचं पीक आलं तेव्हा त्यांनी जन्मभर केलेलंच काम पुन्हा हातात घेतलं. पाणी उद्या येणार नाही म्हणतात? पाणीपुरवठा कार्यालयाला फोन. अमक्या गोळ्या खाऊन कोणी दगावलं म्हणतात? दवाखान्याला फोन. मग ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा. "मावशी बोलतेय. मी स्वतः फोन करून विचारलं. बातमी खरी आहे." नाहीतर, "खोटी आहे. पुढे पाठवू नका." बस्स, एवढंच.

कोणती बातमी, ते त्या कधी उच्चारत नसत. ती नोकरीतली शिस्त होती. लाइनवर काय ऐकलं ते तोंडातून बाहेर काढायचं नाही. त्यांच्या सुपरवायझर बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "जोडायचं आणि विसरायचं." आजारपणं, भांडणं, मोडलेली लग्नं, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं आणि तिथेच राहिलं. ग्रुपवर तर कोणाचं काही अडतही नसे. वर बातमी, तिच्याखाली मावशींचा आवाज. कशाबद्दल बोलतायत ते दिसतच होतं.

एकदा शाळेने त्यांना मुलांसमोर बोलायला बोलावलं. खोटी बातमी कशी ओळखायची, हा विषय. मावशी म्हणाल्या, "काय सांगितलंय ते नंतर बघा. कोण सांगतंय ते आधी बघा." टाळ्या पडल्या. वसाहतीने हे वाक्य फार मनावर घेतलं. कोण सांगतंय? मावशी सांगतायत. झालं तर मग.

बेकरीची बातमी आली ती एका कामाच्या दिवशी, सकाळी. फोटोत पिठाचं पिंप, पिंपात मेलेले उंदीर. खाली मजकूर: आपल्याच कोपऱ्यावरच्या बेकरीतला प्रकार, मुलं दवाखान्यात, ताबडतोब सगळ्यांना कळवा. आणि त्याच्याखाली मावशींचा आवाज. "मावशी बोलतेय. मी स्वतः फोन करून विचारलं. बातमी खरी आहे."

ती बेकरी वसाहतीला परकी नव्हती. वडिलांमागे मुलीने चालवायला घेतलेली जुनी भट्टी. सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या बायका घरी बिस्किटांचं पीठ मळून, ट्रे भरून तिथे भाजायला आणत. भट्टीपर्यंत जायचं तर पिठाच्या पिंपांमधून अंग चोरून जावं लागे. आपला ट्रे बाहेर येईपर्यंत सगळ्या तिथल्या काळ्या फरशीवर उभ्या राहून गप्पा मारत. फोटोतली फरशी पांढरी होती. गुळगुळीत, चकचकीत, पांढरीशुभ्र. ती सगळ्यांनी पाहिली आणि एकीलाही खटकली नाही. वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेलं एका बाजूला राहिलं आणि कानांनी ऐकलेलं खरं ठरलं.

मावशींना हे कळलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या फोनमुळे.

"मावशी, उपकार झाले हो तुमचे. सकाळीच तिथला ब्रेड आणला होता. आमची ही म्हणाली, आधी मावशींचं ऐका आणि मग तोंड उघडा."

"कशाबद्दल बोलताय?"

"घ्या! मावशींनाच मावशींची बातमी ठाऊक नाही!" काका हसले.

मावशींनी ग्रुप उघडला. आवाज त्यांचाच होता. नक्कल नव्हती, तोडजोडही नव्हती. पुन्हा एकदा कानाशी धरून ऐकलं, तेव्हा शब्दांच्या मागे ड्रिलची घरघर ऐकू आली. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड बदलायला इलेक्ट्रिशियन आला होता, त्या दुपारची ती घरघर. त्या दुपारी त्यांनी एकच निरोप पाठवला होता, तोही ग्रुपवर नाही. बँक उद्या बंद आहे का, असं धाकट्या भावाने विचारलं होतं. त्याला दिलेलं ते उत्तर होतं. फक्त त्याला.

भावाचं किराणा दुकान बेकरीच्या समोरच. आई लवकर गेली, त्यामुळे याला वाढवलं मावशींनीच. शाळेत सोडायचं, तापात उशाशी बसायचं, मारामारी करून आला की आधी धपाटा आणि मग हळद. आता त्याचे केस पिकले, तरी त्यांच्या लेखी तो सोन्याच. बेकरीवालीने दूध आणि अंडी ठेवायला सुरुवात केल्यापासून सकाळची गर्दी रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. सोन्या त्याबद्दल येता-जाता कुरकुरायचा. मावशी म्हणायच्या, "तूही पहाटे उघड की. पांघरुणात बसून गिऱ्हाईक येतं होय?"

तरीही त्यांनी लगेच भावाचं नाव घेतलं नाही. ग्रुपवर एवढंच सांगितलं, "मावशी बोलतेय. ही बातमी मी तपासलेली नाही. तो आवाज दुसऱ्या वेळचा आहे."

त्यांच्या निरोपावर शंका घेतली जाण्याची ही पहिलीच खेप. "दबाव आला असणार," एकाने लिहिलं. "बेकरीवाली जाऊन रडली असेल. मावशींचं मन मऊ," दुसऱ्याने लिहिलं. तिसऱ्याने तर कमालच केली, "हा आवाज मावशींचाच कशावरून? हल्ली मशीन कोणाचाही आवाज काढतं." खोट्याच्या वेळी हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. दुपारी सरकारी तपासनीस बेकरीत आले, पिंपं उघडून पाहिली, काही सापडलं नाही म्हणून निघून गेले. त्यावरही निकाल तयारच होता. आग असल्याशिवाय धूर निघतो का? काही नसतं तर आले कशाला?

संध्याकाळी शाळेतून बेकरीला निरोप गेला की मुलांच्या डब्याचा ब्रेड सध्या नको, पालक ऐकत नाहीत, आठवडाभरात वातावरण निवळलं नाही तर दुसरीकडून घेऊ. बेकरी चालायची ती त्या ब्रेडवर. तो गेला की भट्टी विझणार, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं.

मावशी भावाच्या दुकानात गेल्या. तो साबणाच्या वड्या फळीवर रचत होता.

"ये ताई. बस. चहा सांगू?"

"तू माझा आवाज कुणाला दिलास?"

तो रचतच राहिला. "कुणाला देऊ? मीच टाकला. शेजारच्या वसाहतीच्या ग्रुपवर. तिथून आला फिरत फिरत."

"सोन्या, मी तुला बँकेचं सांगितलं होतं."

"मग? त्यात 'बँक' असा शब्द आहे का कुठे? आवाज तुझाच आहे ना? मी एक अक्षर बदललेलं नाही." आता त्याने मागे वळून पाहिलं. "तू कुठे खोटं बोललीस? आणि मी तरी कुठे बोललो?"

"आणि उंदीर?"

"उंदीर कुठे नसतात, ताई!"

आतून भावजय म्हणाली, "वन्सं, जाऊ द्या हो. चार दिवसांत लोक विसरतील. घरातलं घरात राहू दे."

"दुरुस्त कर," मावशी भावाला म्हणाल्या. "तूच टाकलंस, तूच सांग."

"आणि दुकानाला टाळं लावू? ताई, तू बोलणार नाहीस, मला माहीत आहे. जोडायचं आणि विसरायचं, लहानपणापासून ऐकतोय मी हे." तो पुन्हा साबणांकडे वळला. "म्हणून तर टाकला."

हे शेवटचं वाक्य त्याने सहज उच्चारलं. मावशी पायऱ्या उतरल्या. समोर बेकरीवाली काचेच्या कपाटातले न खपलेले ब्रेड परत ट्रेमध्ये भरत होती. तिने मान वर केली, मावशींना पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

भावाचा त्या दुपारचा प्रश्न मावशींच्या मोबाइलमध्ये अजून होता. त्याच्याच आवाजात. "ताई, बँक उद्या बंद म्हणतात, खरं का गं?" त्याच्याखाली त्यांचं उत्तर, ड्रिलच्या घरघरीसकट. हे दोन्ही एकापाठोपाठ ग्रुपवर टाकलं की प्रश्न मिटत होता. पण दुसऱ्याचं खासगी बोलणं चारचौघांत उघड करायचं, तेही अंगाखांद्यावर खेळवलेल्या भावाचं. नोकरीत असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि ते योग्यच असतं, असं त्या स्वतः म्हणाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, केस नीट विंचरून त्या टेबलाशी बसल्या. आधी भावाचा प्रश्न टाकला, मग स्वतःचं उत्तर. मग आयुष्यात पहिल्यांदाच काय ऐकलं ते शब्दाशब्दाने सांगितलं. "मावशी बोलतेय. हा माझा धाकटा भाऊ, बेकरीसमोरचा दुकानदार. त्याने मला बँकेबद्दल विचारलं होतं. माझं उत्तर त्याने बेकरीच्या फोटोखाली लावलं. त्याने ते माझ्यासमोर कबूल केलंय. फोटोतली फरशी बघा. तुम्ही सगळ्यांनी बेकरीची फरशी पाहिलेली आहे."

मग एका बाईने लिहिलं, "अगंबाई, फरशी काळी आहे की!"

शाळेने ब्रेड पुन्हा सुरू केला. ट्रे घेऊन येणाऱ्या बायकांतल्या काही परतल्या, काहींनी घरीच ओव्हन घेतला. भावाचं दुकान व्यवस्थित चाललंय. चार दिवस लोकांनी नाकं मुरडली आणि मग घरातली साखर संपली. त्याच्या घरून मावशींना आता फोन येत नाही. त्याच्या नातवाचं बारसं झालं, ते त्यांना काकांकडून कळलं.

लोक अजूनही मावशींना विचारतात, हे खरं का हो? मावशी खरं-खोटं सांगत नाहीत. ज्या कार्यालयाला विचारायचं त्याचा नंबर पाठवतात. "स्वतः लावा." काकांना हे पटलेलं नाही. "आम्ही लावला तर उचलतंय कोण? तुमचा आवाज वेगळा पडतो हो मावशी."

ग्रुपवर खुलासा केल्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मावशी बिस्किटांचा ट्रे घेऊन बेकरीत गेल्या. बेकरीवालीने तो हातातून घेतला, भट्टीत सरकवला आणि झाकण लावलं. मावशी म्हणाल्या, "मी आधीच बोलायला हवं होतं. पहिल्याच दिवशी."

बेकरीवालीने हात पुसले.

"मावशी, लोकांचं सोडा. मी रोज पहाटे त्या पिंपात हात घालते. तरी तुमचा आवाज ऐकला आणि मी आत जाऊन झाकण उघडून बघितलं."

भट्टीतून बिस्किटांचा वास यायला लागला होता. मागच्या बाईने आपला ट्रे पुढे केला आणि मावशी बाजूला झाल्या.