तुटक्या कानाचा ससा

वाडीच्या स्टॉपवर अंकुश मावसाजी मला घ्यायला आले होते. घर मी पाहिलेलं होतं, रस्ताही सरळ. तरी आले, आणि घराकडे निघण्याऐवजी एका गोदामाच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

"तू नाटकात काम करते न वं?"

"हो. का?"

"बोंड्या मेला."

बोंड्या म्हणजे त्यांचा ससा. कापसाच्या बोंडासारखा पांढरा, म्हणून बोंड्या.

"पंधरा दिवस झाले. तुह्या मावशीले माहीत नाही. मी दुसरा आणला, सेम टू सेम. पण तिले शंका येऊन राहिली. तू मागच्या साली आली होती तवा त्याले पाह्यलं होतं. मावशी तुले विचारीन. तू फक्त म्हण, थोच हाय."

"आणि नाही म्हटलं तर?"

मावसाजींनी गमछ्यानं मान पुसली. "तं तुही मावशी औषध सोडते."

सरितामावशी म्हणजे माझ्या आईच्या आतेबहिणीची जाऊ. नातं असं की एरवी लग्नाच्या पंगतीतच भेटायचं. "उमरेडकडची ती, दम लागलेली," एवढीच तिची आमच्याकडे ओळख. ती एकोणीस वर्षं वाडीतल्या एका गोदामात फाटकी पोती शिवत होती. रिकामी पोती उलटी करून झटकायची, ठिगळ लावायचं, दाभणात सुतळी ओवून शिवायचं. मिरचीचं पोतं आलं की मिरची छातीत, सिमेंटचं आलं की सिमेंट. तोंडाला पदर बांधला तर मुकादम म्हणायचा, नवरी आली काय गोदामात. मग पदर सोडून दिला. पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, फुप्फुसं वाळली.

दवाखान्यातल्या एका आयानं तिला ससा सुचवला. पांढरा ससा उशाशी ठेव, तो दुखणं आपल्या अंगावर घेतो. मावसाजी तेव्हा चिडले होते. या घरात गंडादोरा नाही, नवस नाही. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षाभूमीवर सगळं सोडलं ते सोडलं. "हा बी गंडाच हाय," ते म्हणाले, "फक्त याले पाय हायेत." आणि तरी त्याच आठवड्यात ससा आणला, कारण मावशीनं लग्नानंतर मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. ससा आला आणि तिचा दम खरंच जरा बसला. औषधही त्याच आठवड्यात बदललं होतं, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. डॉक्टर म्हणाले, जनावर घरात नको. दोघांनी माना डोलावल्या. ससा राहिला.

खोलीत ऑक्सिजनच्या मशीनची घरघर होती. मावशी पलंगावर टेकून बसली होती, नाकात नळी, आणि मांडीवर पोत्याचा तुकडा. सशाला बसायला गादी शिवत होती.

"ये वं नाटकवाली. जय भीम. किती वाळली तू. डायलाग खाऊन राहिली काय नुसते?"

"जय भीम, मावशी. तुम्ही कशा आहात?"

"मी पाह्य कशी मस्त. बसल्या जागी हवा येऊन राहिली नाकात. मंत्र्याले बी भेटत नाही." हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं जमिनीकडे बघत राहिलो.

मग तिनं पलंगाखाली हात घालून ससा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घे. वळखते काय याले?"

मावसाजी दारात उभे होते.

बोंड्याचा डावा कान मांजरानं अर्धा तोडला होता. याचाही डावा कान अर्धाच होता. मी कानावरून बोट फिरवलं. कड सरळ होती, आणि तिच्यावर खरखरीत खपली. सशाचं सगळं अंग थरथरलं.

"तोच की," मी म्हटलं. "बोंड्याच आहे. जरा जाड झालाय."

"पाह्य," मावसाजी पटकन म्हणाले. "मी म्हणत नव्हतो तुले?"

"हो बाप्पा, तुमचंच खरं." मावशीनं सुतळी दातानं तोडली. "जा, दूध आणा. पोरगी एवढ्या उन्हाची आली."

त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीत विरला. मावशीनं नवी सुतळी घेतली, टोक ओलं केलं आणि पहिल्या फटक्यात दाभणाच्या नाकात घातलं.

"चांगलं केलं वं काम. पण बोट काहून थांबलं तुह्यं कानापाशी?"

मी सशाला मांडीवर सावरून धरलं.

"मले माहीत हाय. बोंड्या माह्या पायापाशी मेला. सकाळी पाय लागला तं थंड. मी भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटून पडून राहिली. यायनं उचलला, थैलीत टाकला, गेले. संध्याकाळी दुसरा. दोन्ही कान साबूत. मी म्हटलं, असू दे. माणूस एवढा हिंडला उन्हात. थो समजला, हिनं अजून पाह्यलं नाही नीट."

तिनं दोन टाके घातले.

"दुसऱ्या दिवशी मोरीत आवाज आला. ससा ओरडते, माहीत हाय तुले? लेकरावानी ओरडते. घरात कोंबडी कापाची असली तं हा माणूस बाहेर जाऊन उभा राहते. त्यानं पोतं कापाची पाती घेतली."

"मग तुम्ही सांगून का नाही टाकत?"

"सांगू काय? मले कळलं म्हटलं तं त्याले वाटन, आता ही गेलीच. रोज दोनदा औषध पाजते थो मले, सशाले दोघायच्या मधात बसवून. तेवढंच राह्यलं त्याच्याजवळ." तिनं सशाकडे पाहिलं. "आता हा बी खाऊन नाही राहिला चार दिवसांपासून. हा मेला तं थो तिसरा आणन. त्याचा बी कान कापन."

मशीन घरघरत होती.

"तुले एक डायलाग देतो. जाताना सांगजो त्यायले, मावशीले आता दिसत नाही. कान हाय का नाही, कळत नाही तिले. बस."

"मावशी, पण तुम्ही शिवताय."

तिनं हातातल्या गादीकडे बघितलं. तीन बाजू झाल्या होत्या, एक राहिली होती. तिनं सुतळी ओढून काढली, दाभण माझ्या हातात दिला आणि माझी मूठ बंद केली.

"घेऊन जा. मी म्हणन, हरवला."

चहा झाला. मावसाजी पुन्हा स्टॉपपर्यंत आले. ट्रक जात होते, बोलायला थांबावं लागत होतं.

"मावसाजी, मावशींना नीट दिसत नाही आता," मी म्हटलं. "मला आवाजावरून ओळखलं. ससा कसाही असला तरी त्यांना कळणार नाही. कानाचं तर नाहीच."



"काल तं सुतळी ओवली तिनं. माह्यासमोर."

"अंदाजानं ओवली असेल. सवयीचा हात."

बस दिसली. त्यांनी हात वर केला, आणि बस थांबली तरी तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे डोळे बी चालले," ते म्हणाले.