कॅफे रेसर घेऊन चौसाळ्याच्या छावणीत

अण्णांच्या मोटारसायकलचं मागचं कॅरिअर मी ग्राइंडरनं कापलं, हे कळलं त्या दिवसापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. फोन केला की माझा भाऊ दत्ता उचलायचा आणि म्हणायचा, "अण्णा म्हशीपाशी हायत." सकाळ असो, संध्याकाळ असो, अण्णा आपले म्हशीपाशीच! शेवटी मी ठरवलं, गाडी पूर्ण झाली की तीच घेऊन बापासमोर उभं राहायचं. काय बोलायचं ते तोंडावर बोला म्हणावं. अबोला धरून बसायला मी काय त्यांची भावकी आहे?

आधी गाडीची ओळख करून देते. मी केजला कॉम्प्युटरचा क्लास चालवते आणि अण्णा आयुष्यभर गावच्या दूध सोसायटीचं दूध डांबरी रस्त्यापर्यंत पोचवायचे, या जुन्या टू-स्ट्रोक गाडीवरून. दोन्ही अंगांना दोन-दोन कॅन लटकवलेले. पुढं सोसायटीनं टेम्पो घेतला आणि गाडी गोठ्यात पडली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मी मागितली तेव्हा अण्णा म्हणाले, "ने की. काय करायचं ते कर." त्यांना वाटलं मी दुरुस्त करीन. माझ्या डोक्यात मात्र कॅफे रेसर होती. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जुन्या गाडीचं जास्तीचं सगळं सामान उतरवायचं, हँडल पार खाली आणायचं, एकट्यापुरतं सीट बसवायचं आणि मागं छोटा उंचवटा ठेवायचा. वाऱ्याला अडथळा नको म्हणून चालवणाऱ्यानं टाकीवर वाकून बसायचं. "केजात वेगानं जायचं कुठं?" असं माझा नवरा सतीश रोज विचारायचा. मी पाना उचलायचे आणि पुढचा नट खोलायचे.

तीन महिने अंगणात गाडी उघडी पडलेली. कार्बोरेटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चेन रॉकेलच्या डब्यात. वेल्डिंग तेवढं बाहेरून करून आणलं, बाकी सगळं घरी, व्हिडिओ बघत, चुकत, पुन्हा खोलत. दुष्काळाचं साल. टँकर येईल तेव्हा पाणी. गाडी धुवायचं नाव काढलं असतं तर सासूबाईंनी मलाच धुतलं असतं. सगळी चेसी मी जुन्या साडीच्या फडक्यानं पुसून काढली आणि टाकीला बाटलीसारखा गडद हिरवा रंग दिला. त्या सालात तालुक्यात हिरवं म्हणून तेवढंच दिसत होतं.

दुष्काळामुळं अण्णा तेव्हा म्हशी घेऊन चौसाळ्याच्या चारा छावणीत मुक्कामाला होते, तिकडंच जायचं होतं. निघाले दिवस उगवायच्या आत. उन्हाळ्यात या भागात यायचं असेल तर हेच करा, दहानंतर डांबर तापतं आणि डोकंही. सासूबाईंनी हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "पडू नको बाई. आन पडलीस तर लवकर ऊठ, लोक बघत्यात." सतीशनं पाण्याच्या दोन बाटल्या पाठपिशवीत कोंबल्या. एका किकमध्ये गाडी सुरू झाली आणि मी त्या दोघांकडं असं बघितलं की जसं काय इंजिन मीच शोधून काढलंय.

केज ते नेकनूर रस्ता तेव्हा ठिकठिकाणी उकरलेला होता. खड्डा चुकवला की खडी, खडी चुकवली की टँकर. अर्ध्या तासात माझी मनगटं बोंबलायला लागली. हँडल इतकं खाली की सगळा भार हातांवर. पाठ धरली, मान धरली. व्हिडिओतली पोरं हसत-हसत चालवतात, ती काय खातात देव जाणे! नेकनूरला चहाला थांबले तर टपरीवर दोघांची पैज लागलेली.

"बाई हाय का बे ती?"

"हेल्मेट काढू दे, मग कळंल."

मी हेल्मेट काढलं. एकानं दुसऱ्यापुढं हात पसरला आणि दुसऱ्यानं तोंड वाकडं करून माझ्याच चहाचे पैसे दिले. पैज त्यांची, चहा मला. असा नफा रोज व्हावा.

मांजरसुंब्याला पोचून रबडी खायची, हे मनात पक्कं होतं. इथं येणारा जाणारा रबडीसाठी थांबतोच. हॉटेलवाला म्हणाला, "ताई, दूध हाय कुठं रबडी आटवायला? भजे खा, गरम हायत." भजे झकास होते, मिरची तर कानातून वाफ काढणारी. पाणी मात्र जपून. पहिला ग्लास तो देतो, दुसरा मागताना आपल्यालाच लाज वाटते. तुम्ही गेलात तर आपलं पाणी बरोबर न्या, आणि पाटोद्याकडं वळून आधी लिंबागणेशला जा. वाट थोडी उलटी पडते खरी, पण आमच्याकडं गाडीची पूजा गणपतीपुढं झाल्याशिवाय ती गाडी आपली होत नाही.

तिथं पूजेवरूनच पेच पडला. देवळासमोरच्या गुरवांनी विचारलं, "नवी का जुनी?"

"जुनीच, पण नवी केली."

"पासिंग कव्हाचं?"

"माझ्या जन्माच्या आधीचं."

"मग नवी कशी म्हणायची? हिची पूजा एकदा झालेली असणार."

शेजारी हारफुलं विकणाऱ्या मावशी आपण होऊन मध्ये पडल्या. "आवो महाराज, लेकरू न्हाऊमाखू घातलं की नवंच दिसतं. करा पूजा." मग त्यांनी एकच लिंबू काढलं. मी म्हटलं, "मावशी, चाकं दोन आहेत." तर म्हणाल्या, "लिंबं लई म्हागलीत पोरी. पुढल्याच चाकाखाली ठिवू. मागलं चाक तर पुढल्याच्याच मागं येतंय की!" याच्यापुढं कोण वाद घालणार? नारळ फुटला, लिंबू चिरडलं. देवळाजवळचं तीर्थ तळाला गेलं होतं, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. मी हात जोडले आणि स्पष्ट मागितलं, देवा, म्हातारा एकदा बोलू दे माझ्याशी.

परत मांजरसुंबा, मग चौसाळ्याकडं हायवेनं. रस्ता सुंदर, डोळे मिटून जावं असा, पण मिटू नका. उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, भरलेले ट्रक एकामागं एक चालले होते, सगळे चारा छावण्यांना. चौसाळ्याच्या अलीकडं एक मातीचा रस्ता फुटतो आणि त्या फुफाट्यात माझ्या हिरव्या टाकीचा रंग पाच मिनिटांत गेला. छावणी आमच्या दूध सोसायटीनंच चालवायला घेतलेली. हिरव्या शेडनेटखाली गुरांच्या रांगा, प्रत्येक रांगेत एकेक घर: बाज, चूल, मोबाईल चार्जिंगचा बोर्ड. दुपारी पत्त्यांचे डाव, सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप. आमच्या गावचे निम्मे लोक तिथं मुक्कामाला होते आणि गावात होत नाहीत तेवढ्या गप्पा तिथं होत होत्या.

अण्णा बाजेवर बसून उसाचे कांडे तोडत होते. मी गाडी उभी केली. त्यांनी मान वर केली नाही. शेजारच्या म्हशीला म्हणाले, "चंद्रे, पाहुणी आली बघ. तिला म्हणावं चहा घे."

मी पण त्यांचीच पोरगी. मी चंद्रीला म्हटलं, "चहा झालाय म्हणावं. आधी गाडी बघा."

"गाडी कुठं हाय म्हणावं? मला तर सांगाडा दिसतोय."

असं बराच वेळ चाललं. मधे चंद्री बिचारी दोघांकडं आलटून पालटून बघत होती. दत्ता हसून हसून खाली बसला. तोवर रांगेरांगेतून माणसं जमली. कुणी टाकी ठोकून बघितली, कुणी सीट दाबून. एक जण म्हणाला, "आण्णा, पोरीनं पार इचका केला की हो गाडीचा! हिच्यावर आता एक कॅन बी जायाचा न्हाई."

हे वाक्य अण्णांच्या तोंडून ऐकायची मी तयारी केली होती, पण परक्या माणसाच्या तोंडून ते लई लागलं. रडू येईल म्हणून मी हेल्मेटचा पट्टा उगीच ओढत बसले.

अण्णा उठले. विळा बाजेवर ठेवला. "आमच्या घरची गाडी हाय," त्या माणसाला म्हणाले, "आमी बगू काय करायचं ते." मग टोपी घट्ट केली आणि गाडीवर टांग टाकली.

आणि मी बघतच राहिले. ज्या हँडलनं सकाळपासून माझा जीव खाल्ला होता, त्याच्यावर अण्णांचे हात जाऊन अलगद बसले. कोपरं आत, पोट टाकीला टेकलेलं, हनुवटी पुढं. अगदी व्हिडिओतल्या पोरांसारखं! मग डोक्यात उजेड पडला. मागं चार भरलेले कॅन असले की सीटवर जागा राहतेच कुठं? गाडी मागं उलटू नये म्हणून दूधवाला टाकीवर सरकून, हँडलवर ओणवा होऊन चालवतो. अण्णा आयुष्यभर याच बैठकीत बसले होते. मी तीन महिने खपून जी बैठक तयार केली, ती त्यांचीच होती.

पहिल्या किकला इंजिन बोललं. अण्णा फुफाट्यातून निघाले ते सरळ हायवेकडं. धुरळा खाली बसला तरी परत येईनात. दत्ता घाबरला, "म्हातारं गेलं कुठं? गुडघ्याचं आपरेशन झालंय त्यांच्या!" मी म्हटलं, "थांब, येतील." आतून माझीच पाचावर धारण बसली होती.

आले. धुळीनं भुरे झालेले, टोपी खिशात, दात बाहेर. गाडी बंद केली आणि पहिल्यांदा थेट माझ्याकडं बघून बोलले. "मंगे, ही बसायची रीत कुणी दावली तुला?"

"तुम्हीच," मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं एवढंच."

"मला वाटलं, तू माझी गाडी मोडून तुझी केलीस."

"तुम्हीच म्हणालात, काय करायचं ते कर!"

"म्हनलो आसंल." मग टाकीवरची धूळ खिशातल्या टोपीनं पुसत म्हणाले, "चार दिस राहू दे हितं. पल्याडच्या रांगा लांब हायत, पायी चालवत न्हाई मला."

म्हणजे परतीचा माझा प्रवास कॅफे रेसरवर नाही, वडाप जीपमध्ये झाला. चौसाळ्याहून मांजरसुंबा, तिथून एसटीचा लाल डबा. अकरा माणसांच्या जीपमध्ये मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेली मी एकटीच. शेजारच्या आजींनी विचारलं, "ही टोपी कावून गं?" मी म्हटलं, "वडिलांना गाडी देऊन आले." त्या म्हणाल्या, "लेकीनं बापाला? बरं केलंस."

घरी आले तर अंगण रिकामं. सतीशनं विचारलं, गाडी कुठंय, आणि मी सांगितल्यावर तो हसत सुटला. तीन महिन्यांची मेहनत, आणि एक दिवस चालवायला मिळाली. वाईट वाटलं का? वाटलं की. टाकीवरून हात फिरवायची सवय झाली होती. पण आता रोज संध्याकाळी माझा फोन वाजतो आणि समोर दत्ता नसतो. चेन ढिली वाटतीय, प्लग काळा पडतोय, ऑइल किती टाकू? मी इथून सांगते आणि अण्णा तिथं पाना फिरवतात. माझं ऐकून! जन्मात हे झालं नव्हतं.

काल पुन्हा फोन आला. "मंगे, येऊन जा एकदा."

"का? गाडीला काय झालं?"

"गाडीला काय न्हाई झालं," अण्णा म्हणाले. "कावून, गाडीला काय झालं तरच यायचं का?"