अक्कांचं खापर आणि माझा मंजूर नकाशा

मी काढलेला घराचा नकाशा महापालिकेतून मंजूर होऊन आला की मी जरा शेफारतेच. त्या घराच्या नकाशात तर पाण्याचे पाइप, वायरी, एसीच्या नळ्या मी भिंतींत अशा बसवल्या होत्या, की एकही नजरेला पडू नये. घरमालक भाऊ दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. जळगावातलं हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर. ते खूश होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, मात्र नकाशा खालीवर पाहिला आणि एवढंच विचारलं, "आखाजीले खापर कुठी मांडू?"

मी ओशाळले. इथेच जन्मले, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आमरसाबरोबर चापले, आणि नकाशात चूलच विसरले! वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये चुलीला जागा नव्हती, म्हणून अक्कांच्या दोन्ही मुली मांडे शिकल्याच नव्हत्या. आता अक्कांचे हात दुखायला लागले होते. शिकवायचं तर येत्या आखाजीलाच.

"मागच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकू," भाऊ म्हणाले. "कम्प्लिशनचा दाखला मिळाला की सगळेच टाकतात."

माझं डोकं फिरलं. नियमाने सोडलेली जागा मी झाकू देणार नाही म्हणजे नाही. मग स्टोअररूम निम्मी कापली, गरम पाण्याचा पाइप वळवला, नकाशा पुन्हा मंजुरीला पाठवला. चुलीला विटांचं धुराडं दिलं, पण घराची दर्शनी बाजू बिघडू नये म्हणून ते गच्चीच्या कठड्याएवढंच ठेवलं. चूल पेटवून पाहिली तेव्हा वारा सुटला, धूर कठड्याला अडून खाली उतरला आणि नव्या रंगाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे खोकत उभे.

"बाई, धूर काय तुह्या नकाशातून जाईन का?" डोळे पुसत अक्का म्हणाल्या, आणि हसल्याही.

धुराडं उंच केलं. समोरून घर थोडं बेंगरूळ दिसतं. मला तेच आवडतं.

आखाजीला मला जेवायला बोलावलं. थोरली मुलगी चुलीपुढे, अक्का शेजारी स्टुलावर. पहिले दोन मांडे मुलीच्या हातावरच फाटले. पुढचा तिने हातांवर फिरवत मोठा केला आणि अख्खा खापरावर पसरला. अक्का उठल्या, आमच्या पंगतीत येऊन बसल्या, ताट पुढे ओढलं. भाऊंनी रसाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

पहिला घास गिळून त्या म्हणाल्या, "इतक्या वर्सात माह्या वाटेले गरम मांडा आजच आला."